उजवा हात, टेबल चार

ससूनच्या मागच्या इमारतीत
फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात.
आज हात उघडायचा.

चिमट्यानं मीडियन नर्व्ह उचलली,
मळक्या दोऱ्यासारखी.
मॅडम म्हणाल्या, छान, पुढे.

पुढे अंगठ्याचं नख होतं,
राखून वाढवलेलं, कडेला तपकिरी.
बाकीची चार मुळापासून कापलेली.
पुस्तकात याचं काही नाही.

केरबामामा फडकं पिळता पिळता थांबले.
"विड्या वळणारी दिसतीय.
तोंड दुमडाया लागतंय तेवढं नख.
आमची आई भवानी पेठेत
दिवसाला हजार वळायची."
आणि लादी पुसायला लागले.

जर्नलमध्ये मी नर्व्ह पिवळी केली, धमनी लाल.
नख काढलं. खोडलं.

संध्याकाळी गेटबाहेर
रिक्षावाल्यानं विडी काढली.
काका, पेटवू नका जरा,
म्हटलं,
घडी बघू द्या.