तिसरा भाग

सप्टेंबरात आमची पुस्तकांची बोट
फ्योर्डच्या शेवटच्या धक्क्याला लागली,
तेव्हा ओड्नी दोरी झेलायला आधीच उभी.
"आला का?"
नमस्कार नाही, काही नाही.
दीड वर्ष थांबली होती पोर.
मी रजिस्टरात नाव लिहीपर्यंत
मासळीच्या पेटीवर बसून तिने पहिलं पान उघडलंही.

गोष्ट मला तिच्याकडूनच कळलेली, तुकड्यातुकड्यांनी:
इल्वे नावाची मुलगी, तिला जादू येते,
पण दर मंत्राला एक शब्द खर्ची पडतो
आणि गेलेला शब्द पुन्हा तोंडात येत नाही.
पहिल्या भागात तिने पूर थोपवला. 'निळा' गेला.
दुसऱ्यात भावाला बर्फातून सोडवलं,
त्याला हाक मारायला गेली, तर नाव नव्हतं.
तिथेच संपवलं होतं लेखिकेने. निर्दयी बाई.
ओड्नीने पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं होतं तेव्हा.

एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. कड्यांवर अजून बर्फ.
"मग? मेला का हिमराजा?"
"मेला नाही. झोपला."

शेवटी इल्वेकडे एकच शब्द उरलेला,
शेळ्यांना घरी बोलवायचा, आईचा.
तो काही मंत्र नव्हे. तरी तिने तोच उच्चारला,
आणि हजार वर्षं जागा असलेला तो
करडासारखा मान खाली घालून आला.

"म्हणजे ती मुकी झाली?"
ओड्नीने माझ्याकडे पाहिलं,
जसं पोहता न येणाऱ्या नावाड्याकडे पाहावं.
"गाव आलं ना रांगेत!
कोळ्याने 'ओहोटी' दिली, लोहाराने 'ठिणगी',
आणि पहिल्या भागात तिला हाकलणाऱ्या त्या खडूस म्हातारीने
'पाव'.
शिवाय दिलेला शब्द देणाऱ्याकडेही राहिला.
हे कुणाला ठाऊकच नव्हतं, कारण कुणी दिलाच नव्हता."
"आणि भावाचं नाव?"
"ते वाचा तुम्ही."
मग ताट बाजूला सरकवावं तसं
तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं.
चौथा भाग आहे का, विचारलंसुद्धा नाही.

रात्री इंजिनाच्या घरघरीत वाचत बसलो.
बावीस वर्षं पुस्तकं वाटतोय, पुरं क्वचितच करतो.
नावाचं पान सापडायला वेळ लागला नाही:
त्यावर क्लाउडबेरीच्या जॅमचा अंगठा, नारिंगी,
आणि ओळीखाली पेन्सिलीची
काढून पुसलेली रेघ.

नियमाप्रमाणे दंड बसतो.
मी रजिस्टरात लिहिलं: स्थिती उत्तम.