घे

ओमू सव्वा वर्षाचा झाला तरी
त्याला एकच शब्द येत होता. घे.
पेरू हवा असला की हात पुढं करून, घे.
ताईच्या वहीवर डोळा असला की, घे.
कडेवर यायचं असलं की, घे.
(तेवढं एकच बरोबर.)
आम्ही हसायचो, दुरुस्त करायचो,
"दे म्हण रे, दे."
तो आमच्या तोंडाकडं बघायचा
आणि पुन्हा, घे.

लुमाण्णा म्हणाला, पोरगं उलटं बोलतंय.

भाकरी थापता थापता मला उलगडलं.
आजवर त्याच्या हातात जे जे आलं
ते ह्याच शब्दाला धरून आलं.
भाकरीचा पापुद्रा, घे.
खुळखुळा, घे.
औषधाचा चमचा, घे की रे राजा.
देणाऱ्याच्या तोंडात कुठं असतं, दे?

प्रणिताचं तसं नाही. ती सहा वर्षांची,
हिशेबी.
रताळी काढायच्या दिवसांत सगळी बेळगुंदी तांबडी:
पाय तांबडे, पोती तांबडी,
अंघोळीचं पाणी तांबडं.
अंगणात ढीग. थोराड रताळी यार्डाला,
मधली बाजूला,
शेपट्या नि कुदळ लागलेली घरात खायला.
म्हटलं, निंगव्वाकडं बुट्टीभर देऊन ये.

तिनं भरली बुट्टी.
शेपट्या. कुदळ लागलेली.
एक तर उंदरानं चाखलेलं.
"असू दे की. ती फुकटच घेऊलालीय."

माझा हात उठला होता.
खाली घेतला.
ते वाक्य माझंच होतं.
गेल्या साली ऊसतोडीच्या बायांना
जुन्या साड्यांचं गाठोडं बांधताना,
ह्याच अंगणात, ह्याच तोंडानं.
पोर तेव्हा पायरीवर बसून
भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.
मला वाटलं, शेंगाच फोडतेय.

बुट्टी पालथी केली.
"तू निंगव्वा हो. मी प्रणिता."
बाहेर जाऊन कडी वाजवली.
"निंगव्वा, आईनं रताळी दिल्यात."
तिनं पदरासारखा फ्रॉक पसरला, ऐटीत.
मी उंदराचं टाकलं त्यात.
ती बघत राहिली. फ्रॉक सोडला नाही.
"हे नको की गं."
"निंगव्वा तसं म्हणायची नाही," मी म्हटलं,
"ती घेईल. उंदराचे दात
विळीवर कापून काढील, नि शिजवील."

मग बराच वेळ ती ढिगापाशी.
थोडी मोठी, थोडी मधली.
एक होतं, दोन हातांनी उचलायचं,
दुपारपासून तिनं आपलं म्हणून बाजूला काढलेलं.
ते बुट्टीत ठेवलं.
परत काढलं.
परत ठेवलं.
मी चुलीकडं तोंड केलं.
ते गेलं की राहिलं, अजून विचारलेलं नाही.

दिवेलागणीला बुट्टी परत आली.
रिकामी नाही, आमच्या गल्लीत कुणाचीच येत नाही.
चार कडक रोट्ट्या, वर शेंगदाण्याची चटणी
केळीच्या पानाच्या तुकड्यावर.
निंगव्वा उंबऱ्यातनंच म्हणाली, "तगो."
"तगो म्हणजे?" प्रणिता माझ्याकडं बघून.
"घे."
थांब्यावरच्या पाटीवर कुठली अक्षरं,
तो वाद थांब्यावर असतो.
बुट्टीला वाचता येत नाही.

रोट्टी मोडताना कडकन वाजली
तसा ओमू रांगत आला.
एका हातात चोखून मऊ केलेला तुकडा,
दुसरा हात रिकामा,
दोन्ही माझ्यापुढं.
घे, म्हणाला.

मागत होता की देत होता.

मी तोंड उघडलं.