हॅलिवेलची हातोडी

हॅलिवेलसायबाची नोकरी
आजोबा वर्षांत मोजत नसत, इंजिनांत मोजत.
सतरा नंबर लोंढ्याच्या शेडात आलं
तेव्हा तो पोरसवदा,
उन्हानं नाकाची सालपटं निघालेला.
एकतीसच्या बॉयलरला चीर गेली
तोवर केस पांढरे,
आणि बायको विलायतेला, कायमची.

हातोडीनं एकेक स्टे वाजवायचा, कान लावून.
ठण्ण म्हणजे बरा.
ठप्प आलं की खडूची फुली,
आणि, "काय मष्णू, मेला की?"
मराठी तेवढंच.

पेन्शनीत निघाला त्या दिवशी
देसूरच्या चढावर चाकं घसरली, गाडी रखडली.
साहेब डब्यातून उतरला
आणि मूठमूठ वाळू रुळांवर टाकत
इंजिनापुढं चालत राहिला.

हातोडी आमच्याकडं आहे.
आई तिनं नारळ फोडते,
त्याआधी एकदा
वाजवून बघते.