पंधरा मिनिटं

मागच्या वर्षापर्यंत इशारा यायचा दीड तास आधी,
आणि ओमेनाच्या जाळ्यांपासून किनारा पावणेदोन तासांवर.
हिशेब एवढाच. चौथीतल्या पोराचा.
त्या हिशेबात माझा दीर राहिला.

म्फांगानोच्या या काठावर लाल दिवा माझ्याकडे असतो.
समितीनं दिलाय, सोबत एक फोन,
ज्याची बॅटरी मी पोरांपेक्षा जास्त जपते.

अंधाऱ्या पंधरवड्यात होड्या जातात.
चंद्र नसला की मासा कंदिलाला भुलतो.
टेकडीवरून बघावं तर पाण्यावर गावच वसलेलं,
बिनभिंतींचं,
आणि त्यातला ओगुटूचा कंदील कुठला, ते मी ओळखते
असं म्हणते.

सासरा वादळ हुंगायचा.
पाणकावळे गप्प झाले की म्हणायचा, आज नको.
खूपदा बरोबर.
किती वेळा चुकला ते सांगायला
चुकलेल्या रात्रींचं कुणी उरलं नाही.

आता किसुमूत एक पोरगी रात्रभर जागते.
मी तिला पाहिलेलं नाही. फोनवर खोकते ती.
म्हणते, वरून ढगाचा माथा दिसतो,
दर दहा मिनिटांनी आणखी गार;
माथा जितका गार, तितकं पोटात काहूर.
हे मला लगेच कळलं. माझी सासू तशीच होती.

यंदा त्यांनी नवं काही बसवलं म्हणे.
इशारा पंधरा मिनिटं अलीकडे सरकला.
दीड आणि पाव, पावणेदोन.
बेरीज जुळते. उरत काही नाही,
इंजिनाची दोरी तिसऱ्यांदा ओढायलासुद्धा.

काल रात्री एक वाजून दहा मिनिटांनी फोन.
शंभरात साठ, ती म्हणाली.
साठाला दिवा चढवायचा, चाळिसाला नाही, ठरलेलं आहे.
पन्नासाला काय, हे मी एकदा विचारलं होतं.
ती खोकली.

दिवा चढवला.
जवळच्यांनी पाहिला, त्यांनी आपला कंदील तीनदा झाकून
लांबच्यांना सांगितलं, त्यांनी आणखी लांबच्यांना,
आणि ते सगळं गाव उठून चालायला लागलं.

वादळ रुसिंगाकडे वळलं.
इथं चार थेंब.
ओगुटू उतरला तो अर्धं पोतं ओमेना आदळतच.
माझ्याशी बोलला नाही.

उजाडता फोन: तिकडे आलं का?
नाही आलं, म्हटलं.
ती माफी मागायला लागली.
मी म्हटलं, थांब जरा, काही ऐकू येत नाही,
चहात साखर कमी पडली म्हणून
इथं एक माणूस ओरडतोय.