डावा कान

डंडीच्या बागेतल्या काचघरात
तारेच्या टोपलीत रास्ना टांगलेली आहे,
मुळं हवेत सोडून,
गळ्यात पांढरी पट्टी: आकडा, लॅटिन नाव, साल.
हिचा जन्म इथलाच. आंब्याचं खोड हिने पाहिलेलं नाही.
एल्स्पेथने तीन पानं मोजून कापली,
वहीत माझी सही घेतली
आणि म्हणाली, चौथं मागू नकोस.

आमच्याकडे, आंबोलीच्या घाटाखाली,
हिला कुणी रास्ना म्हणतं, कुणी बांडगूळ.
ज्याचा कान दुखत नाही
तो बांडगूळ म्हणतो.

बाबांचा दुखला होता, सातव्या वर्षी.
पान विस्तवावर शेकलं, फडक्यातून पिळलं,
कोमट रस, चार थेंब,
डावा कान.
पू महिनाभर वाहिला, मग थांबला,
त्याच्याबरोबर त्या बाजूचे आवाजही.
घरात तेव्हापासून एकच निकाल कायम आहे:
रस चांगलाच होता, घालायला उशीर झाला.

मी पानं वाळवली, कुटली,
मिथेनॉलमध्ये तीन दिवस बुडवून ठेवली.
हिरवा रंग दुसऱ्या दिवशी चहाकडे झुकला.
बाहेर टे नदीवर हार उतरली होती.
समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात;
पहिल्या वर्षी मला वाटायचं,
रोज सकाळी कुणीतरी कुठेतरी हरतंय.

मग अगार ओतला. ताटल्या गार झाल्या.
त्यांवर स्टॅफिलोकोकस पसरला,
घावनाचा तवा अर्ध्या कांद्याने पुसावा तसा,
कड न सोडता.
चिमट्याने गोल कागद ठेवले, सहा मिलिमीटरचे:
एकावर रास्ना,
एकावर जेंटामायसिन,
एकावर नुसतं मिथेनॉल, म्हणजे काहीच नाही.
सदतीस अंश, रात्रभर.
सदतीस म्हणजे ताप उतरलेलं माणूस.

सकाळी जेंटामायसिनभोवती
जुन्या रुपयाएवढी मोकळी जागा.
रास्नेभोवती अकरा मिलिमीटर!
मी एकटीच मोठ्याने हसले,
आणि हसत हसतच तिसऱ्यावर पट्टी ठेवली.
काहीच नाही, त्याच्याभोवतीही अकरा.

डॉक्टर ऑगिल्वी रागावले नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
कागद ओले होते, जंतू मारले ते मिथेनॉलने.
पुन्हा कर. पानं आहेत?
पानं नव्हती.
बाटलीच्या तळाला बोटभर अर्क होता.

रविवारी बाबांचा फोन.
"पडलं का गं रिंगण?"
पडलं, पण कोऱ्या कागदाभोवतीही पडलं, बाबा.
"छान, छान."
कोऱ्याभोवती, बाबा. म्हणजे ते धरायचं नाही.
"छान. जेवलीस का?"
नंतर आई म्हणाली,
निकाल ऐकायचा नसला की
ते फोन डाव्या कानाला लावतात.

दुसऱ्यांदा मी कागद पंख्याखाली दोन तास वाळवले,
त्यांच्यावर उगीच पहारा दिला.
या वेळी मिथेनॉलचा कागद
जंतूंनी कडेपर्यंत वेढलेला,
जत्रेतल्या पाळण्याभोवती पोरं असावीत तसा.
आणि रास्ना: सात.

सातांतला कागदच सहा.
उरलेला एक, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा,
नखाच्या कडेएवढी जागा
जिथे काही उगवलेलं नाही.
यावर कुणी औषध बांधणार नाही.
यावरून कुणाला खोटंही पाडता येणार नाही.

उजेडाकडे धरून तीनदा मोजलं.
वहीत लिहिलं, सात.
त्याखाली, पुन्हा करावे.
मग खोलीत कुणी नव्हतं म्हणून
झाकणासकट ती ताटली
डाव्या कानाला लावून पाहिली.