अट क्रमांक सतरा

कर्ज बावन्न मेगावॉटचं.
सहा बँका, आमची आघाडीवर,
आणि पैसे सुटायच्या आधी पुऱ्या व्हायच्या
एकतीस अटी.
तीस झाल्या.

सतरावी
चिकोडीच्या रजिस्ट्रार कचेरीबाहेर बाकावर बसली आहे,
पदराला तंबाखूच्या पानांचा वास,
पायांत मुलाच्या चपला.
नऊ नंबरची पवनचक्की
तिच्या माळावरच्या एकवीस गुंठ्यांत उभी राहायची आहे.

जुन्या मराठी वाटणीपत्रात ती चंपाबाई.
कन्नड पहाणीत चंपव्वा.
आधारावर, कुणी लिहिलं देव जाणे, चंपावती.
मुंबईहून फोन: मॅडम, या तिघींची संमती आली का?
तिघी नाहीत, एकच आहे.
मग तसं लेखी घ्या. शुक्रवारी पहिला हप्ता सोडायचाय.

शंभराचा स्टॅम्प.
मी सांगत गेले, टायपिस्टनं कन्नडात उतरवलं,
ते मी तिला परत मराठीत वाचून दाखवलं:
वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मी आहे.
"हे सांगाय शंभर रुपये?" ती म्हणाली.
"माहेरात बाई, हिकडं अव्वा.
तिसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याली न्हाई अजून.
तुम्हीच पयल्या."

भाडेपट्टा एकोणतीस वर्षं अकरा महिन्यांचा.
ती बोटं मोजायला लागली,
दुसऱ्या हातावर येऊन थांबली.
"आन् पंखा बंद पडला तर कुणाला सांगायचं?"
त्याची तरतूद आहे, चौऱ्याण्णव पानांत,
कंपनीनं बँकेला कळवायचं, किती दिवसांत, कुठल्या पत्त्यावर.
माझं बोट पानावर फिरत राहिलं.
तिनं कळवायचा पत्ता सापडला नाही.

दुपार तिथंच गेली.
कळलं, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.
नातू संकेश्वरला वायरमन आहे.
सही येते, पण अंगठाच देते,
सही करून एकदा अर्धा एकर गेला.

शेवटी खालची ओळ राहिली:
प्रतिज्ञाकर्तीस मी ओळखतो.
तिथं वकिलाची सही लागते.
मी बँकेत लागले तेव्हाच सनद परत दिली,
पगारी माणसाला कुणाला ओळखता येत नाही.
हिरेमठ वकील आले, फोन खांद्यात धरून,
तिच्याकडं न बघता सही केली,
दोनशे घेतले, गेले.

हत्तरगी नाक्यावर रांग.
लॅपटॉप मांडीवर: अट सतरा, पूर्ण.
ठिकाण या रकान्यात बेळगावी टाईप केलं.
तेवढ्यात आईचा फोन, कुठं पोचलीस?
बेळगावात शिरायला अजून तास लागंल, म्हटलं.
जेवून घे तू.