तर

दार एकच आहे, असं मी फळ्यावर लिहिलं
आणि भोवती खडूने चौकट काढली.
रविवारच्या शाळेत नऊ मुलं, त्यातली दोन पेंगलेली.
तिर्साने हात वर केला:
"बाई, मग आमच्या शेजारची जुलेखा?"
मी म्हटलं, आपण प्रार्थना करू या.
हे उत्तर नव्हतं. तिलाही ते कळलं.

माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर.
मंगळवारी आणि शुक्रवारी कोरजाईला तर धरायचे.
एका पिशवीत खरजेचं मलम, जंतांच्या गोळ्या,
दुसरीत छापील पत्रकं,
भिजू नयेत म्हणून मेणकापडात गुंडाळलेली.
तर विसू मालंडकराची.
तो बाबांकडून भाडं घेत नसे,
आणि बाबा भर खाडीत त्याला तारणाचं सांगत.
वल्हं न थांबवता तो ऐके.
एकदा म्हणाला,
"कंपाउंडरानू, माझी होडी आधीच सोसायटीत तारण आसा.
आता मी आणखी खंयच्या तारणात जाव?"
होडीभर लोक हसले. बाबाही हसले,
पण त्या रात्री जेवले नाहीत.

त्यांना हट्टी म्हणू नका.
कर्लीच्या मुखाशी भरती चढताना
वाळूच्या पट्टीवर कोणी पाठमोरा उभा असेल
आणि तुम्ही त्याला हाक मारली नाही,
तर ही कसली सभ्यता, असं ते विचारायचे.
त्यांना ते पाणी खरंच चढताना दिसायचं.
मला नेहमी दिसत नाही.
मी फळ्यावर लिहिते.

त्यांना टायफॉइड झाला त्या साली
विसूने आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड बोलला.
बाबा उठून बसले तेव्हा फेडला,
आणि एक फणी घेऊन दारात आला.
"उपकार आहेत, विसू. पण हे मी खाणार नाही."
तो रागावला नाही.
फणी पायरीवर ठेवली. "पोरांका दिया."
मी विहिरीमागे बसून दोन खाल्ली.
पुढे किती वेळा प्रभुभोजनाला बसले,
पाप आठवायला सांगितलं की ती केळी आठवतात,
आणि प्रत्येक वेळी आधी चव आठवते.

विसू गेला ऐन श्रावणात.
लाकडं ओली होती, पेटता पेटेनात.
बाबा छत्री मिटून लांब उभे राहिले,
हात जोडले नाहीत, खिशातही घातले नाहीत.
परतताना त्याच्या मुलाने तर हाकली.
त्यालाही बाबांनी काही सांगितलं नाही.
तेवढीच एक फेरी मुकी गेली.

बाबांच्या माघारी कपाटात वह्या सापडल्या.
रोज ज्यांच्यासाठी गुडघे टेकायचे त्यांची नावं:
तलाठी, मौलवीसाहेब, भटजींची धाकटी सून,
पोस्टातला एक जण, ज्याचं फक्त आडनाव माहीत होतं.
माणूस मेला की पट्टी लावून नाव खोडलेलं.
मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात नसते.
त्यांनीच मला शिकवलं होतं,
मी तिर्साच्या वर्गाला शिकवते.

विसूचं नाव खोडलेलं नाही.
अकरा वर्षं, दर महिन्याच्या नव्या पानावर
ते पुन्हा उतरवून काढलंय.
गावात विसू तिघे होते, म्हणून खूण केलेली:
विसू मालंडकर, तर.

मी ते कितीदा वाचलं.
होडीचं तर, हे मला ठाऊक आहे.
पण शेवटच्या वहीत हात थरथरलाय,
र लांबत ओळीखाली गेलाय,
आणि पुढचं पान कोरं आहे.

आता खाडीवर पूल आहे.
येत्या रविवारी तिर्सा पुन्हा विचारेल, ती तशीच आहे.
फळा मी पुसला,
चौकट मात्र नीट गेली नाही.
ओलं फडकं मारायला हवं होतं.